खरपुडीचं अर्धं चित्र

बाई, परवा तुमची लेक आमच्या घरी येऊन गेली. ओढ्याच्या पलीकडंच गाडी लावून चालत आली, पायात जाड तळाचे बूट, डोक्यावर टोपी. मी शेळ्यांना सुबाभळीचा पाला टाकत होते. तिनं मला काकू म्हणून हाक मारली. आम्ही एका वयाच्या, एखादं वर्ष इकडंतिकडं. पण उन्हात राबलेलं तोंड बाईला लवकर काकू करून टाकतं, त्यात तिची काही चूक नाही. मग तिनं पिशवीतून एक चित्र काढलं आणि माझ्या हातातला पाला तिथंच गळाला. चित्र तुमचं होतं. खालची सही बघायची गरज पडली नाही.

तुम्ही गेल्याला किती वर्षं झाली ते मला नीट सांगता येत नाही. बाजारात कोणीतरी म्हणालं, आपल्या शाळंवर हुत्या त्या चित्रावाल्या बाई नगरला वारल्या. मी तेव्हा गवार निवडून घेत होते. ऐकलं आणि गवार निवडत राहिले. हे आधीच लिहून ठेवते, मेलेल्या माणसाशी गोड बोलले असं मागाहून नको व्हायला. तर तुमची लेक तुमच्या चित्रांचं पुस्तक काढतेय. आमच्या डोंगरावरची फुलं, पठार, कडे, सगळं. चित्रं पुरी आहेत, एकच अर्धं आहे. त्यात गवतातून निघालेला एक बारीक देठ आहे, चार-सहा पानं आहेत, मागं काळा कातळ आणि लांब पश्चिमेला डोंगरांची निळी रांग आहे. आणि जिथं फूल यायला पाहिजे तिथं कोरा कागद. तिनं मला विचारलं, काकू, हे असं का राहिलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का? ठाऊक आहे. ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं, त्यातल्या तुम्ही मेलात. मी तिला सांगितलं, आणि ती ते पुस्तकात छापणार आहे. म्हणून मी ही चिठ्ठी लिहायला बसलेय, मला काही हौस नाही. तुम्ही मला चौथीपर्यंत शिकवलंत, त्यातलं शुद्धलेखन तेवढं उरलं. बोलते मी अजून हाय-न्हाईच. पण पाटीवर 'आहे' लिहिलं नाही की तुमची पट्टी बोटांवर बसायची, ती बोटं अजून विसरली नाहीत.

तुम्ही गावात आलात तेव्हा मी तिसरीत होते. तुम्ही देवळामागची खोली भाड्यानं घेतली होती आणि तुमची लेक नगरला आजीकडं शिकायला होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही खांद्याला झोळी अडकवून डोंगरावर निघायचात. गावाला वाटलं, बाईंना नवस आहे. मग कोणीतरी बघून आलं की बाई दगडावर बसून गवताचं चित्र काढतात. त्यावर गाव आठवडाभर हसलं. आमच्या शेळ्या त्याच माथ्यावर असायच्या. पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "अगं, ही निळी फुलं कसली?" मी म्हटलं, "आभाळी. आन् त्यो केना. त्याची भजी करत्यात." तुम्ही हसलात. पुढच्या शनिवारी तुम्ही माझी वाट बघत पायथ्याला उभ्या होतात. एवढी मोठी बाई माझी वाट बघते म्हटल्यावर मी काय, चढावर पळतच सुटले.

पुढं दोन पावसाळे मी तुम्हाला फुलं दाखवली. कळलावी कुठल्या करवंदीच्या जाळीत चढते, तेरड्याचा उतार कुठला, रानतीळ कधी फुलतो, तरवड कुठं दाट आहे. तुमच्या डोळ्यांना ती दिसतच नव्हती, माझ्या पायांना ठाऊक होती. आणि तुम्ही मला रंग शिकवलात. खोटं कशाला बोलू, शिकवलात. आधी फिका रंग लावायचा, गडद मागून. उजेड दाखवायचा असेल तर तिथं काहीच लावायचं नाही, कागद तसाच सोडायचा. लांबचा डोंगर निळा दिसतो, जवळचा नाही. मला हसू आलं होतं, मी त्या निळ्या डोंगराच्या पायथ्याला मामाकडं जाऊन आले होते आणि तो चांगला मातकट होता. तुम्ही म्हणालात, "ठाऊक आहे ते काढू नकोस, दिसतं ते काढ." तुमचं काम आटोपलं की तबकडीत रंग उरायचे. ते वाळेपर्यंत तुमचा बारीक ब्रश माझा. झोळीतला चुरगळलेला कागद मांडीवर सरळ करून मी काढत बसायची. आठवड्याचा तो पाऊण तास हीच माझी मजुरी, आणि तीच बक्षिसी. मला वाटायचं ती लई मोठी आहे.

तुम्ही डबा आणायचात. पोळी, भाजी, कधी गूळशेंगदाण्याचा लाडू. तुम्ही दगडाकडं तोंड करून खायचात. मी शेळ्या वळायच्या निमित्तानं लांब जायची. कधी एखादा लाडू द्यायचात, पण जेवलीस का म्हणून दोन पावसाळ्यांत एकदाही विचारलं नाहीत. आमच्या घरात भादव्याचे दिवस कसे असतात ते तुम्हाला कळायला हवं होतं. जुनी बाजरी संपलेली, नवी शेतात उभी. आई मला म्हणायची, "त्या बाईमागं भटकून काय मिळतंय गं तुला? फुलांनी प्वाट भरतंय व्हय?" मी म्हणायची, "बाई मला पाचवीला घालनार हाईत." कारण तुम्ही तसं म्हणाला होतात. पाचवीची शाळा तीन कोसांवर होती, मुलींना कोणी पाठवत नव्हतं. "तुझ्या आईशी मी येऊन बोलेन," हे तुमचे शब्द आहेत, बाई. माझे नाहीत.

खरपुडी मीच दाखवली. तुम्हाला ती गवताची काडीच वाटली. मी खाली वाकून कळी दाखवली, लांबट, हिरवी, टोकाला जांभळट. तुम्ही इतका वेळ बघत राहिलात की शेळ्या पार खालच्या बांधाला गेल्या. म्हणालात, उमलली की हिच्या पाकळ्या टोकाला जुळलेल्या राहतात, छोटा कंदील दिसतो, आणि हे फूल फार थोड्या ठिकाणी उरलंय. उरणार कसं? गुराखी पोरं तिचा कंद उकरून खातात. आमच्यात ती रीतच आहे, पावसाळ्यात डोंगरावर गेलं की खरपुडी हुडकायची, काठीनं उकरायची, साल काढून मटकावायची. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, "उमलेपर्यंत ही तुझ्या जिम्म्यावर." त्या शनिवारी तुम्ही नुसतं पेन्सिलीनं काढलंत. मी बोरीच्या काट्या तोडून झाडाभोवती रचल्या, आठवडाभर रोज बघून आले. दोन शेळ्यांना दगड मारला. चुलतभाऊ खरपुडी हुडकत आला तर त्याला म्हटलं, "तकडं जाऊ नगं, नाग निघालाय." तो परत त्या बाजूला फिरकला नाही.

दुसऱ्या शनिवारी तुमच्यासोबत तुमची लेक होती. सुट्टीला आली होती. पांढरे मोजे, केसांना रिबिनी. माझ्या दगडावर बसली. तुम्ही देठ रंगवला, पानं रंगवली, मागचा कातळ आणि डोंगर केला. कळी अजून मिटलेलीच, म्हणून फुलाची जागा कोरी सोडलीत. लेकीला कंटाळा आला, ती कुरकुर करायला लागली, तेव्हा तुम्ही तिला बारीक ब्रश दिलात आणि तबकडी पुढं सरकवलीत. तिनं घर काढलं, त्याच्यामागं सूर्य. असला डोंगर समोर असताना घर! तुम्ही हसून तिच्या गालाचा मुका घेतलात. मी शेजारी उभीच होते. तुम्ही म्हणालात, "जा गं, तेवढं ओढ्यावरून डब्यात पाणी भरून आण." मी खाली गेले, पाणी भरलं, न सांडता वर आले. तोवर तुम्ही झोळी बांधून उठला होतात. "उशीर झाला," म्हणालात, आणि ते पाणी गवतावर ओतून डबा झोळीत टाकलात. मायलेकी हात धरून उतरल्या. मी वरून बघत होते.

तिसऱ्या शनिवारी मी शाळेला आले नाही. सकाळीच शेळ्या घेऊन वर गेले. फूल उमललं होतं. मी ते पुष्कळ वेळ बघितलं. तळाशी जरा फुगीर, वर निमुळतं होत गेलेलं, टोकाला पाकळ्या जुळून जाळी झालेली, आत एक चिलट अडकून वरखाली करत होतं. मग मी बोरीच्या काट्या बाजूला केल्या, काठीनं उकरलं, कंद काढला, नखानं साल काढली आणि खाल्ला. फूल देठासकट मागं फेकलं, ते शेळीनं उचललं. तुम्ही आलात तेव्हा मी तिथंच बसले होते. पळाले नाही. तोंडाला माती होती.

तुम्ही काय म्हणालात ते मला अजून पाठ आहे. "खाल्लंस? तू खाल्लंस? राक्षशीण आहेस का? सुंदर काही दिसलं की ते तोंडात घालायचं, एवढंच कळतं तुम्हा लोकांना!" राक्षशिणीचं मला काही वाटलं नाही, आई रोज म्हणायची. तुम्हा लोकांना, ते लागलं. दोन वर्षं मला वाटत होतं तिथं आपण दोघी आहोत. सोमवारी वर्गात तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "काहींना डोंगर कितीही दाखवा, ती शेळीची शेळीच राहतात." मागच्या बाकावरून एकजण बें करून ओरडला. मग सगळा वर्ग. तुम्ही छडी आपटून गप्प केलंत खरं, पण जरा थांबून केलंत. वर्ष संपेपर्यंत मला गावात कोणी नावानं हाक मारली नाही. बें करायचे.

आईला तुम्ही येणार म्हणून मी सांगून ठेवलं होतं. तिनं शेजारणीकडून कपबशी मागून आणली होती, पितळीतला चहा बाईंना चालायचा नाही म्हणून. ती कपबशी आठ दिवस फळीवर उपडी होती. मग आई म्हणाली, "येनार व्हत्या ना तुझ्या बाई? जा, दिऊन ये ती कपबशी." तुम्ही त्या उन्हाळ्यात बदली घेऊन गेलात. मी पाचवीला गेले नाही. पुढं लग्न, ऊसतोडीचे चार हंगाम, दोन बाळंतपणं, सासूचं अंथरूण. सगळ्यांचं होतं तेच झालं, त्याचं रडगाणं नको.

पण ब्रश सुटला नाही. हे तुम्हाला सांगताना माझा जीव जळतो, पण सांगते. मुलं शाळेला लागली तेव्हा त्यांच्या रंगपेटीतले उरलेले रंग मी घ्यायची. कॅलेंडरच्या पाठीमागं काढायची. आमचे हे म्हणतात, "गवताची चित्रं काढायला हिला दीस पुरत न्हाई. गवात काप म्हनलं की हिची कंबार धरती." आता श्रावण-भादव्यात शहरातली माणसं डोंगरावर फुलं बघायला येतात, मोबाईल काढून पालथी पडतात. त्यांना वाट दाखवायला मी जाते. त्यातल्या कोणीतरी माझ्या चित्रांचे फोटो काढून कुठंकुठं पाठवले, ते फिरत फिरत तुमच्या लेकीला दिसले. ती म्हणाली, "मला वाटलं आईचंच एखादं हरवलेलं चित्र आहे. उजेडाला तसाच कागद सोडलेला, डोंगर तसाच. मग म्हटलं, हे काढणारं माणूस बघायलाच पाहिजे." बघा. चाळीस वर्षं मी तुम्हाला शिव्या दिल्या आणि हात मात्र तुमचाच चालवला.

तिला घरात घेतलं, चुलीपुढं पाट दिला, चहा ठेवला. तिनं तुमच्या वह्या दाखवल्या. प्रत्येक चित्राची नोंद तुमच्या टपोऱ्या अक्षरात. कळलावी, पश्चिम उतार, आभाळ भरलेलं, सोबत एक मुलगी. तेरडा, वरचं पठार, वारा फार, सोबत एक मुलगी. मी पान उलटत गेले. सगळीकडं सोबत एक मुलगी. वाऱ्याचं नाव तुम्ही लिहिलंत, ढगाचं लिहिलंत, एके ठिकाणी माझ्या कळपातल्या बोकडाचं वर्णन आहे. खरपुडीच्या पानावर लिहिलंय: नमुना नष्ट झाला. बस्स.

तुमची लेक म्हणाली, "लहानपणी मी पण एकदा आले होते म्हणे इथं. मला काहीच आठवत नाही."

मी म्हटलं, "आल्या हुतात. मोजे घातले हुते."

"अय्या, खरंच? आणि ही सोबतची मुलगी कोण, तुम्हाला माहीत आहे?"

"मीच. आन् त्यो नमुना मीच खाल्ला."

तिचा कप तसाच हातात राहिला. "खाल्ला? का पण, काकू?"

मी म्हटलं, "भूक. दुसरं काय? घरात दोन दिस पीठ नव्हतं. तुमच्या आईला कधी इचारावं वाटलं न्हाई, पोरगी जेवली का. त्या म्हनल्या, तुमा लोकांना एवढंच कळतं."

ती रडायला लागली. माझ्या चुलीपुढं, टोपी मांडीवर घेऊन, हुंदके देऊन. मी तिला पाणी दिलं आणि खरं सांगते बाई, मला बरं वाटलं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. ती म्हणाली, आईनं हे आम्हाला कधी सांगितलं नाही, आई अशी वागली असेल असं वाटत नाही, पण मी लपवणार नाही. अर्ध्या चित्राखाली मी लिहीन की हे फूल एका उपाशी मुलीनं खाल्लं आणि माझ्या आईला तिची भूक दिसली नाही. आणि सगळ्या नोंदींत सोबत एक मुलगी आहे तिथं तुमचं नाव घालीन. चालेल का? मी म्हटलं, "घाला की." तिनं नाव विचारलं, आडनाव विचारलं, माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं. जाताना वाकून माझ्या पाया पडली. तुमची लेक, माझ्या पाया.

तेव्हापासून कामात लक्ष नाही. काल दूध उतू गेलं, आज शेळी सुटून शेजाऱ्याच्या मक्यात शिरली आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या. आमचे हे म्हणाले, "पुस्तकात नाव यायचं म्हून डोक्यात वारं गेलं व्हय?" मी त्यांना म्हटलं, तुमचं तोंड बंद ठेवा. वारं वगैरे काही नाही. मी तुमचं चित्र आठवतेय. तिनं मोबाईलवर त्याचा फोटो मला पाठवलाय, तो काढून बघते. कातळावर तुम्ही शेवाळ कसं केलंय, देठाच्या एका अंगाला उजेड कसा सोडलाय. फुलाची जागा इतकी मोजून कोरी ठेवलीय की रंगवलेलं नसूनही मला फूल दिसतं. लोक पुस्तक बघतील, खालचा मजकूर वाचतील आणि म्हणतील, कसली ही बाई, फुलावर जीव टाकला आणि उपाशी पोर दिसली नाही. हे मला पाहिजेच होतं. तुम्ही त्याच लायकीच्या आहात. तुम्ही मला विचारलं नाहीत, हे खरं. पाचवीचं बोलायला आला नाहीत, हे खरं. वर्ग ओरडत होता तेव्हा तुम्ही जरा थांबलात, हे सुद्धा खरं. मी उपाशीपोटी तुमच्यामागं डोंगर चढले, एकदा नाही, कितीतरी शनिवारी. यातलं कुठलंही तिनं छापावं, माझी ना नाही.

तिनं उद्या सकाळी फोन करते म्हणून सांगितलंय. मजकूर वाचून दाखवणार आणि विचारणार, काकू, बरोबर आहे ना? मी बरोबर आहे म्हणणार. ते ठरवूनच ही चिठ्ठी लिहायला बसले. ही पाठवायला काही ठिकाण नाही, आणि तुमच्या लेकीच्या हाती मी ती पडू देणार नाही. तुम्हाला तेवढं सांगून ठेवते. मी कंद खाल्ला त्या शनिवारच्या आदल्या दिवशी मामा आला होता, येताना पोतंभर बाजरी घेऊन आला होता. सकाळी आईनं चुलीपुढं बसवून गरम भाकरी वाढल्या, मटकीचं कालवण केलं होतं. मी दीड भाकरी खाऊन डोंगरावर गेले होते.